एबीजीचं सॅम्पल बर्फात ठेवायचं की नाही? या वादाची पार्श्वभूमी

एबीजीची, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजायच्या तपासणीची सिरिंज बर्फात घालून पाठवायची हा नियम पडला तेव्हा सिरिंज काचेची होती, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत पीएच आणि कार्बन डायऑक्साइड मोजण्याची निकड सगळ्यांनाच कळली, त्याच दशकात ते मोजणारे इलेक्ट्रोडही आले, मग सॅम्पल वॉर्डातून लॅबला पोचेपर्यंत त्याचं काय होतं हे बघणं भागच पडलं. कारण सिरिंजमध्येही पेशी जिवंतच असतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स ऑक्सिजन खात राहतात, लाल पेशी ग्लुकोज मोडून लॅक्टिक अ‍ॅसिड सोडतात. ३७ अंशाला तासाभरात पीएच साधारण ०.०५ ने उतरतो, पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) ५ mmHg च्या आसपास चढतो, तेच ४ अंशाला हा वेग जवळपास दहाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे काचेच्या सिरिंजला बर्फ अगदी योग्य होता, काचेतून गॅस आरपार जातच नाही.

मग प्लास्टिक आलं. वापरून फेकता येतं, फुटत नाही, धुवायची कटकट नाही, त्यामुळे १९८० च्या दशकात काच झपाट्याने मागे पडली. सिरिंज बदलली पण बर्फ तसाच राहिला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच. या सिरिंजच्या प्लास्टिकमधून, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमधून, ऑक्सिजन झिरपतो. थंड रक्तात ऑक्सिजन जास्त विरघळतो, हिमोग्लोबिनही तो जास्त घट्ट धरतं, म्हणजे आतला पीओटू (ऑक्सिजनचा दाब) खाली जातो आणि बाहेरचा ऑक्सिजन भिंतीतून आत यायला लागतो. पुढे मशीन तेच सॅम्पल ३७ अंशाला आणतं तेव्हा हा जादाचा ऑक्सिजन सुटतो आणि रिपोर्टवर पीओटू वाढलेला दिसतो. पेशंटचा मूळ पीओटू १०० च्या आसपास असेल तर हा फरक जास्त जाणवतो, कारण तिथे हिमोग्लोबिन आधीच भरत आलेलं असतं, थोडा ऑक्सिजन आला तरी आकडा वर सरकतो. फुफ्फुसातला शंट (ऑक्सिजन न घेताच पुढे जाणारं रक्त) किती आहे याचं गणित याच आकड्यावर मांडणाऱ्याचं सगळंच चुकतं.

त्यात आता एकाच सॅम्पलवर पोटॅशियमही निघतं. थंडीत पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, पोटॅशियम बाहेर येतं, आणि सिरिंज थेट बर्फाच्या खड्याला टेकली तर हिमोलिसिस होऊन, म्हणजे लाल पेशी फुटून, पोटॅशियमचा आकडा आणखी खोटा वाढतो. म्हणून नंतरच्या गाइडलाइन्सनी सांगितलं की प्लास्टिक असेल तर बर्फ नको, रूम टेंपरेचरला ठेवा आणि ३० मिनिटांत मशीनला लावा, जास्तच उशीर होणार असेल तर काचेची सिरिंज आणि बर्फाचं पाणी. निर्णय बरोबरच आहे, पण वॉर्डात बऱ्याचदा नुसता "बर्फ नको" एवढाच निरोप पोचला, त्यामागचं कारण कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे जुन्या शिकवणीतले लोक अजूनही बर्फ मागतात. लॅक्टेट बघणाऱ्यांचा बर्फाचा आग्रह मात्र समजण्यासारखा आहे, ग्लायकोलिसिस (पेशींचं ग्लुकोज मोडणं) थांबत नाही तोवर लॅक्टेट चढतच राहतं, म्हणून तिथे १५ मिनिटांच्या आत सॅम्पल लावणं हाच खरा उपाय.

हवेचा बुडबुडा काढा हे सगळ्यांना पाठ असतंच. न्यूमॅटिक ट्यूबने (हवेच्या दाबावर डबी ढकलणाऱ्या नळीने) सॅम्पल पाठवायला सुरुवात झाल्यावर मात्र त्याचं महत्त्व फार वाढलं, कारण त्या हिसक्यांमध्ये राहिलेला छोटा बुडबुडासुद्धा रक्तात घुसळला जातो आणि पीओटू हवेच्या दिशेने म्हणजे १५० च्या बाजूला ओढला जातो.

एक अपवाद १९७० च्या दशकाअखेर लक्षात आला. ल्युकेमियामध्ये पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात गेल्या की त्या सिरिंजमधला ऑक्सिजन काही मिनिटांतच संपवतात, पीओटू भयानक कमी येतो आणि बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर मात्र व्यवस्थित सॅच्युरेशन दाखवत असतो. तिथे ३० मिनिटांची मुदतसुद्धा फार झाली, बर्फानेही पूर्ण भागत नाही, मशीन बेडजवळ आणून सॅम्पल काढल्या काढल्या लावावं लागतं.