डोकं आपटणं (लहान मुलांचं)

तान्ह्या किंवा नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाने भिंतीवर, फरशीवर नाहीतर पलंगाच्या कठड्यावर पुन्हा पुन्हा डोकं आपटणं. साधारण ६ महिन्यांनंतर कधीतरी सुरू होतं, दीड-दोन वर्षांच्या आसपास जोरात असतं आणि बहुतेकांचं ३-४ वर्षांपर्यंत आपसूक थांबतं. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त. बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण बाकी सगळं नीट असलेली बरीच पोरं हे करतात, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आज्यांनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली की "गुण आला" म्हणतात तो बहुतेक हे आपसूक थांबतं म्हणूनच.

एक प्रकार झोपेचा. पेंगताना उशीत किंवा कठड्यावर एका तालात ठकठक, काही मिनिटं चालतं आणि पोर झोपून जातं. बडोद्यात घोडियात, म्हणजे झोळीच्या पाळण्यात, दोरी ओढून झोपवायची सवय घरोघरी, तिथला ताल जसा गुंगी आणतो तसंच हे, फक्त दोरी स्वतःच्या हातात. दुसरा रागाचा. मोबाइल काढून घेतला की आधी एक नजर आईकडे, मग कपाळ कोटा फरशीला, तेही बेताने. इथे सगळं घर धावत आलं आणि मोबाइल परत मिळाला तर उद्या पुन्हा हेच होणार, मग ओरडा नाहीतर लाड करा. त्यापेक्षा न बोलता उचलून गादीवर ठेवायचं, शांत झालं की जवळ घ्यायचं, पलंग भिंतीपासून सरकवायचा, त्याचे स्क्रू घट्ट आहेत का बघायचं, बस. एकदम नव्याने सुरू झालं आणि सोबत ताप किंवा कान ओढणं असेल तर कान दाखवावा, दुखण्यामुळेही पोरं आपटतात. आपटल्यावर उलट्या, गुंगी किंवा शुद्ध हरपली तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

ऑटिझमची भीती सगळ्यांनाच वाटते. पण नुसत्या आपटण्यावरून काही ठरत नाही, बघायचं ते बाकीच्या वेळात मूल काय करतं. हाक मारली की वळतं का, कावळा दिसला तर बोट करून दाखवतं का, १६ महिन्यांपर्यंत एखादा शब्द, २ वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आलेलं काही गेलं का. आधी बोलायचं ते बंद झालं तर वाट बघूच नये. इथे घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, म्हणून "गोंधळलंय, बोलेल हळूहळू" असं सर्रास म्हणतात, ते चूक आहे, जास्त भाषांनी असा उशीर होत नाही. शब्द मोजताना मात्र सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. नीट ऐकू येतं का याची तपासणी आधी.

बाळाच्या विकासाच्या मोजमापाच्या बाबतीत बडोदं मागे नाही. सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बेली नावाच्या अमेरिकन चाचणीवरून इथल्या बाळांसाठी प्रमाणं बसवली, त्यांना बडोदा नॉर्म्सच म्हणतात, आणि त्यातूनच ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी ५४ गोष्टींची बडोदा स्क्रीनिंग टेस्ट आली. म्हणजे बाळ कधी बसतं, कधी उभं राहतं, हे आपल्याच गावच्या पोरांवरून ठरलेलं.

सरकारी सोय म्हणजे २०१३ पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि शंका असेल तर जिल्ह्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरला (अडचण लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) पाठवते, पैसे लागत नाहीत. कुठेही दाखवा, मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण डॉक्टरांसमोर पोरगं नेमकं शहाण्यासारखं बसतं.