निसर्गाविरुद्धचा गुन्हा: मिनी ब्रूस प्रॅट यांच्या एका पुस्तकामागचा इतिहास

1990 साली न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावच्या फायरब्रँड बुक्स या छोट्या स्त्रीवादी प्रकाशनानं एक कवितासंग्रह काढला. नाव होतं 'क्राइम अगेन्स्ट नेचर', निसर्गाविरुद्धचा गुन्हा. हे शब्द कवयित्रीचे नव्हेत, सरकारचे आहेत. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या फौजदारी कायद्यात समलिंगी संबंधांना हेच नाव होतं आणि याच कायद्याच्या धाकात या अमेरिकन कवयित्रीच्या, मिनी ब्रूस प्रॅट यांच्या दोन लहान मुलांचा ताबा त्यांच्या हातून गेला होता. आपल्याकडच्या 377 कलमातली 'निसर्गक्रमाविरुद्ध' ही भाषा ज्यांनी वाचली आहे, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. दोन्हींचं मूळ एकच: आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीतला 1533 चा इंग्लिश कायदा. तो साम्राज्याबरोबर समुद्र ओलांडून जिथं जिथं गेला, तिथं तिथं लोकांच्या घरात शिरला.

हे पुस्तक नीट वाचायचं तर थोडं मागं जावं लागतं.

प्रॅट यांचा जन्म 12 सप्टेंबर 1946 चा, अलाबामातल्या सेल्मा इथला. पुढं 1965 च्या मार्चमध्ये मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या कृष्णवर्णीय मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेच हे सेल्मा. त्या वाढल्या मात्र सेंटरव्हिल नावाच्या लहानशा गावात. शाळा वेगळ्या, चर्च वेगळी, डॉक्टरकडं जायचं दारसुद्धा गोऱ्यांसाठी एक आणि काळ्यांसाठी दुसरं. गोऱ्या घरातल्या मुलीला यात काही खटकण्याचं कारण नव्हतं, कारण जग असंच असतं असं तिला वाटत होतं.

या बालपणातला एक प्रसंग त्यांनी पुढं लिहून ठेवला आहे, आणि मला वाटतं त्यांच्या सगळ्या लेखनाची किल्ली तिथं आहे. वडील एकदा तिला गावच्या कोर्टाच्या इमारतीत घेऊन गेले. वर घड्याळाचा मनोरा होता. स्वतः लहान असताना ते तिथं चढले होते. वरून गाव कसं दिसतं ते लेकीनंही बघावं, एवढीच त्यांची इच्छा. पण मुलगी घाबरली, वरपर्यंत गेलीच नाही. अनेक वर्षांनी, प्रौढ बाई झाल्यावर, प्रॅट मनानं त्या मनोऱ्यावर चढतात आणि काय काय दिसलं असतं त्याची यादी करतात: मेथडिस्ट चर्च, आई नोकरी करायची ते कल्याण खात्याचं कार्यालय, बायकांना मज्जाव असलेला पूल खेळायचा अड्डा, बँक, पोस्ट, पिवळ्या विटांचा तुरुंग. बाप्टिस्ट चर्च आणि कोर्टही त्याच विटांचं. मग त्या दुसरी यादी करतात, वरूनही जे दिसलं नसतं त्याची. लाकडाची गिरणी, गिरणीतल्या गोऱ्या कामगारांची वस्ती आणि कृष्णवर्णीयांची घरं. सत्तेच्या उंचीवरून गावाचा नकाशा दिसतो आणि त्या नकाशात माणसं गाळलेली असतात, हे त्यांनी विटांचा रंग सांगून दाखवलं. सिद्धांताची पानंच्या पानं वाचूनही जे हाती लागत नाही ते या दोन याद्यांत आहे. 'आयडेंटिटी: स्किन ब्लड हार्ट' हा तो निबंध. एली बल्किन आणि बार्बरा स्मिथ या लेखिकांबरोबर काढलेल्या 'युअर्स इन स्ट्रगल' या 1984 च्या पुस्तकात तो आला.

अलाबामा विद्यापीठात शिकत असतानाच, 1966 मध्ये त्यांचं लग्न झालं. दोन मुलगे झाले. पुढं नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथं इंग्रजी साहित्यात पीएच.डी.चं शिक्षण सुरू झालं. पदवी 1979 मध्ये मिळाली. मधल्या काळात कुटुंब फेएटव्हिलला आलं. हे लष्करी छावणीचं गाव, आणि गावाच्या मध्यभागी जुन्या बाजाराची इमारत, जिथं एके काळी माणसं विकली जात. ती इमारत दिसेल अशा क्लबात एकदा त्यांना जेवायला नेलं होतं. जुन्या काळाच्या गप्पा झाल्या, गुलामांचा विषय निघाला नाही, आणि वाढणारा कृष्णवर्णीय वेटर गप्प होता. प्रॅटही त्या वेळी काही बोलल्या नाहीत. ही गप्प राहिल्याची आठवण त्यांनी पुढं कुठलीही सबब न देता लिहिली.

आपलं पुस्तकी शिक्षण विद्यापीठांत झालं, पण खरं शिक्षण फेएटव्हिलच्या बायकांबरोबर संघटना बांधताना आणि कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत शिकवताना झालं, असं त्या स्वतःबद्दल सांगत. या वाक्यातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण शिकवणं हेच इथं शिकणं म्हणून मोजलं आहे.

1975 मध्ये त्या एका स्त्रीच्या प्रेमात असल्याचं उघड झालं आणि संसार मोडला. मुलं शाळकरी वयाची होती. आज वाचणाऱ्याला वाटेल की आईनं कोर्टात झगडायला हवं होतं. पण त्या काळी लेस्बियन आईचं प्रकरण न्यायाधीशासमोर जाणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. मुलांचं हित कशात आहे एवढाच प्रश्न कोर्टापुढं असायचा, आणि जिचं प्रेम हाच राज्याच्या लेखी गुन्हा, तिच्याकडं मुलं सोपवणं हिताचं कसं, हे उत्तर आधीच तयार असायचं. तिला तुरुंगात टाकायची गरजच नव्हती. कायदा पुस्तकात नुसता पडून असला तरी त्याचं काम भागत होतं. अमेरिकेत अशा किती तरी आया वकिलाच्या कचेरीतूनच परत फिरल्या. प्रॅट यांची मुलं वडिलांकडं गेली. आईच्या वाट्याला आल्या अटी घातलेल्या भेटी आणि लांबलांबचे गाडीचे प्रवास. सर्वोच्च न्यायालयानं 'बॉवर्स विरुद्ध हार्डविक' खटल्यात 1986 मध्ये असे कायदे पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरले. ते मोडीत निघायला 2003 चा 'लॉरेन्स विरुद्ध टेक्सस' हा निकाल यावा लागला. तोवर त्या मुलांनी तिशी ओलांडली होती.

या धक्क्यानंतर त्या पुन्हा कवितेकडं वळल्या. 1978 ते 1983 या काळात 'फेमिनरी' या दक्षिणेतल्या लेस्बियन स्त्रीवादी नियतकालिकाच्या संपादक मंडळात त्या होत्या. त्या काळी अशा लेखनाला मोठ्या प्रकाशकांकडं दार नव्हतं, म्हणून बायकांनी आपली मासिकं, आपली प्रकाशनं, आपली पुस्तकांची दुकानं उभी केली. या वाटा आधी तयार झाल्या नसत्या, तर पुढचं काहीच छापलं गेलं नसतं. 'द साउंड ऑफ वन फोर्क' ही त्यांची पहिली पुस्तिका 1981 मध्ये अशाच छोट्या प्रकाशनातून आली, 'वी से वी लव्ह ईच अदर' 1985 मध्ये.

आणि मग 'क्राइम अगेन्स्ट नेचर'. त्यात मुलांना उद्देशून एक कविता आहे. तुमचा जन्म झाला तेव्हा मला ठाऊक असलेले सगळे कवी पुरुष होते, अशी तिची सुरुवात. झोपलेल्या बाळाशेजारी बसून कविता लिहिणारे बाप: कोलरिज, येट्स. बाळंतीण कवितेत कुठं होती? त्या तरुण आईकडं बाळासाठी एकही ओळ नव्हती. वीस वर्षांनी ती लिहायला बसते, तेव्हा मुलं मोठी झालेली असतात आणि मधली वर्षं दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली. कायद्यानं आईपण काढून घेतलं, पण ते कवितेत मांडायचं राहिलंच होतं. माझ्या लेखी हा संग्रह म्हणजे मुलांना दिलेला जबाब आहे. जो कोर्टात देता आला नाही, तो.

या हस्तलिखिताला 1989 मध्ये अकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्सचा लॅमोंट सन्मान मिळाला. कवीच्या दुसऱ्या पुस्तकासाठी दिला जाणारा हा मानाचा पुरस्कार. पण तेच वर्ष दुसऱ्या गोष्टीचंही होतं. रॉबर्ट मॅपलथॉर्प यांच्या समलिंगी कामुक छायाचित्रांवरून अमेरिकेत गदारोळ उठला होता आणि 'अश्लील' कलेला सरकारी पैसा नको म्हणून नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या कलांना अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेवर चढाई सुरू झाली होती. चढाईत सगळ्यांच्या पुढं होते सिनेटर जेसी हेल्म्स. हेल्म्स कुठले? नॉर्थ कॅरोलायनाचे. ज्या राज्याच्या कायद्यानं प्रॅट यांची मुलं नेली, त्याच राज्याचा प्रतिनिधी आता राजधानीत बसून कवितेवर पहारा बसवू पाहत होता. या संस्थेची शिष्यवृत्ती मिळालेल्या प्रॅट, ऑड्री लॉर्ड आणि क्रिस्टोस या तिघी लेस्बियन कवयित्रींवर उजव्या आणि धर्मांध गटांनी नेम धरला. राजकीय छळ सोसलेल्या लेखकांसाठी असलेला हेलमन-हॅमेट पुरस्कार 1991 मध्ये या तिघींना मिळाला, तो याच कारणासाठी.

1992 मध्ये वॉशिंग्टनमध्ये प्रॅट यांची भेट लेखक लेस्ली फाइनबर्ग यांच्याशी झाली, आणि पुढं ते दोघं जोडीदार झाले. फाइनबर्ग त्या वेळी ट्रान्सजेंडर माणसांच्या इतिहासावर स्लाइड दाखवत व्याख्यानं देत असत. पुढच्याच वर्षी त्यांची 'स्टोन बुच ब्लूज' ही कादंबरी फायरब्रँडनंच काढली. फाइनबर्ग स्वतःसाठी इंग्रजीतल्या 'ही' (तो) आणि 'शी' (ती) या दोन्हींपलीकडची सर्वनामंही वापरत. (मराठीत 'त्यांनी' आणि 'त्यांचं' मदतीला येतात, हे बरं.) या सहवासातून प्रॅट यांनी 'एस/ही' (S/HE) हे 1995 चं पुस्तक लिहिलं. स्त्री म्हणजे कोण, हा स्त्रीवादाला ठाऊक असल्यासारखा वाटणारा प्रश्न त्यांनी पुन्हा उघडला. त्यांच्या पिढीतल्या अनेक लेस्बियन स्त्रीवाद्यांना ट्रान्स माणसांबद्दल संशय होता, काहींना वैरही. प्रॅट उलट दिशेला चालत गेल्या. घड्याळाच्या मनोऱ्यावरून काय दिसत नाही, हे विचारायची सवय त्यांना इथंही उपयोगी पडली असणार.

नोकरीच्या बाबतीत सांगायचं तर बराच काळ अनेक ठिकाणी, पोट भरेल तसं शिकवणं चाललं. सिरॅक्यूज विद्यापीठात एलजीबीटी अभ्यासक्रम उभा करण्यासाठी त्यांना बोलावलं गेलं आणि 2015 मध्ये तिथून त्या निवृत्त झाल्या. 2011 चा त्यांचा संग्रह 'इनसाइड द मनी मशीन' कामगारांबद्दल आहे. लाकडाच्या गिरणीची वस्ती मनोऱ्यावरून दिसली नव्हती. या कवितांत कारखाने आहेत, कचेऱ्या आहेत, नोकरी गेलेली माणसं आहेत.

फाइनबर्ग 15 नोव्हेंबर 2014 रोजी दीर्घ आजारानंतर गेले. त्या आजारपणातल्या दिवसांच्या कविता 'मॅग्निफाइड' या 2021 च्या संग्रहात आहेत: घरातलं, खिडकीबाहेरचं, रोजच्या फेरफटक्यातलं अगदी बारीकसारीक काही, जवळून पाहिलेलं. प्रॅट यांचं निधन 2 जुलै 2023 रोजी सिरॅक्यूजमध्ये झालं. त्या 76 वर्षांच्या होत्या.