वकील-अशील गोपनीयता आणि समन्सने मागवलेले दस्तऐवज

अशिलाने वकिलाला वकील या नात्याने सांगितलेली गोष्ट आणि त्यावर वकिलाने दिलेला सल्ला अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ ते १२९ मधला हा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ते १३४ मध्ये आला. हक्क अशिलाचा, बंधन वकिलावर, त्याच्या कारकुनावर आणि दुभाष्यावरही. वकीलपत्र संपले तरी ते सुटत नाही.

घोळ होतो तो समन्सपाशी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ नुसार, दाव्यात पक्षकार नसलेल्यालाही कागद हजर करण्याचे समन्स निघते. ‘कागद गोपनीय आहे’ म्हणून घरी बसता येत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६५ (पुरावा अधिनियमाचे जुने १६२) प्रमाणे हरकत असली तरी कागद कोर्टात आणायचा. हरकत टिकते की नाही, ते न्यायाधीश ठरवतात.

समजा, गंगापूर रोडवरच्या प्लॉटच्या साठेखतावरून नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दावा चालू आहे आणि वादीने प्रतिवादीच्या आधीच्या वकिलाची अख्खी फाइल मागवली. तीत मूळ साठेखत, इसारपावती, सातबारा, नोटिशीचा कच्चा मसुदा आणि ‘करार मोडला तर काय होईल?’ या प्रश्नाला वकिलाने दिलेले लेखी उत्तर आहे. साठेखत किंवा इसारपावती वकिलाच्या कपाटात ठेवल्याने गोपनीय होत नाही. सातबारा तर तलाठ्याकडेही मिळतो. हरकतीत दम आहे तो उत्तराबाबत, आणि मसुद्याबाबतही. सरसकट सगळ्या फाइलीवर हरकत घेणारा वकील आपलीच बाजू लंगडी करतो. कागदवार यादी देऊन नेमका वादाचा कागद बंद लिफाफ्यात सादर केलेला बरा.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वकिलांना समन्स काढण्याच्या स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात, हेच स्पष्ट केले: वकिलाच्या ताब्यातला दस्तऐवज हजर करण्याला कलम १३२ आड येत नाही, मात्र वकील आणि अशील यांना ऐकूनच हरकतीचा निकाल द्यायचा. सातपूर-अंबडच्या कारखानदारांनी याच निकालातला दुसरा भाग वाचावा. कंपनीच्या पगारी विधी अधिकाऱ्याला कलम १३२ चे संरक्षण नाही.

बनावट दस्त वापरून जमिनीचा ताबा मिळवण्यासाठी घेतलेल्या सल्ल्यालाही ते मिळत नाही. केलेल्या बनावटगिरीबद्दल बचाव करा, असे वकिलाला सांगणे मात्र सुरक्षित राहते.