विमचं फीचर आणि विमचा ऑप्शन: बटन आहे, मोटर नाही

मे महिन्याची दुपार, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा. भाची लॅपटॉप घेऊन कूलरसमोर येऊन बसली. "मामाजी, विममधून कॉपी होऊनच नाही राहिलं. सेटिंग तर बरोबर केली मी."

सेटिंग खरंच बरोबर होती. विम म्हणजे टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चालणारा टेक्स्ट एडिटर. त्याच्या सेटिंगच्या विमआरसी फाइलमध्ये 'सेट क्लिपबोर्ड=अनेम्डप्लस' (कॉपी केलेलं सिस्टिमच्या क्लिपबोर्डवर टाक) ही ओळ, स्पेलिंगसकट अचूक. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टंकताना अर्थात रोमन लिपीतच.) विम उघडताना एकही एरर नाही. पण विममध्ये ओळ 'वायवाय' (ओळ कॉपी करायची आज्ञा) करून ब्राउझरमध्ये पेस्ट केली की तासाभरापूर्वी कॉपी केलेलं भलतंच काहीतरी उमटायचं. पोरीने विमआरसी तीनदा नव्याने लिहिली होती. मी तिला टर्मिनलवर 'विम --व्हर्जन' मारायला लावलं. त्या लांबलचक यादीत एका जागी 'क्लिपबोर्ड' होतं आणि त्याच्या आधी वजाचं चिन्ह.

घोळ इथेच होतो. विममध्ये 'फीचर' आणि 'ऑप्शन' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बऱ्याचदा दोघांचं नावही एकच असतं. ऑप्शन म्हणजे 'सेट' करून बदलता येणारं काहीही: ओळींचे आकडे दाखवायचे की नाही, टॅब किती अक्षरांचा, शोधताना कॅपिटल-स्मॉल बघायचं का. विम चालू असताना बदला, लगेच परिणाम दिसतो. फीचर ठरतं त्याच्या खूप आधी, सी भाषेतल्या सोर्स कोडपासून विमची बायनरी (प्रत्यक्ष चालणारी प्रोग्राम फाइल) तयार होत असताना. त्या वेळी क्लिपबोर्डचा कोड आत घातला तर यादीत अधिक, गाळला तर उणे. बायनरी एकदा तयार झाली की विमआरसीत काहीही लिहा, उण्याचं अधिक होत नाही.

आमचा कूलर दुकानातून बनवून घेतलेला, लोखंडी पत्र्याचा. त्याच्या पॅनेलवर तीन बटनं आहेत: पंखा, पंप आणि स्विंग. स्विंगचं बटन दाबलं की 'खट्' असा छान आवाज येतो आणि काहीच होत नाही. पॅनेल सगळ्या मॉडेलांना एकच, आमच्या मॉडेलात स्विंगची मोटर बसवलेलीच नाही. बटन म्हणजे ऑप्शन, मोटर म्हणजे फीचर. भाचीने तीनदा विमआरसी लिहिली, म्हणजे तीनदा खट् केलं.

विम तिला बोलला का नाही, हा खरा प्रश्न, आणि माझ्या मते विमची सगळ्यात त्रासदायक सवय हीच. मोटर नसलेल्या ऑप्शनला विमच्या मदतपुस्तिकेत 'हिडन ऑप्शन' म्हणतात. असा ऑप्शन सेट केला तर विम तो मुकाट्याने मान्य करतो आणि किंमत कुठेही साठवून ठेवत नाही. यामागे विचार आहे: एकच विमआरसी घरच्या मशीनवर आणि कुठल्याशा छोट्या सर्व्हरवर नेली तर दर वेळी लाल अक्षरांचा पाऊस पडू नये. हेतू चांगला, पण नवशिक्याची दुपार जाते. त्यात भर म्हणजे क्लिपबोर्ड उपलब्ध नसेल तर प्लस रजिस्टरमध्ये (क्लिपबोर्डला जोडलेल्या कप्प्यात) यँक, म्हणजे कॉपी, केलेलं विम गुपचूप आपल्या नेहमीच्या बिननावाच्या रजिस्टरमध्ये टाकतो. विमच्या आत पेस्ट केलं तर सगळं सुरळीतच वाटतं.

आज्ञांच्या बाबतीत मात्र विम गप्प बसत नाही. उबुंटूच्या नव्या मशीनवर 'व्हीआय' टाइप केलं की अनेकदा विम-टायनी, म्हणजे विमची छोटी आवृत्ती, उघडतो. त्यात सिंटॅक्सचं, म्हणजे कोड रंगीत दाखवायचं, फीचर नसतं. तिथे 'सिंटॅक्स ऑन' लिहिलं की ई३१९ येतो: ही आज्ञा या आवृत्तीत नाही. त्याच विममध्ये 'सेट स्पेल' (स्पेलिंग तपासणी) लिहा, तेही सिंटॅक्स फीचरवरच अवलंबून आहे, पण तक्रार शून्य. म्हणून एरर आला नाही म्हणजे चाललं, असं धरून चालायचं नाही.

विचारायचं कसं, तर विमच्या आत 'सेट क्लिपबोर्ड?' असं प्रश्नचिन्हासकट लिहा. किंमत द्यायला गेलं तर तो गप्प, पण किंमत विचारली की हिडन ऑप्शन उघडा पडतो: ई५१९, ऑप्शन सपोर्टेड नाही. स्क्रिप्टमध्ये 'हॅझ' फंक्शनला फीचरचं नाव दिलं की एक किंवा शून्य मिळतं. 'एक्झिस्ट्स' वापरणार असाल तर सांभाळून. ऑप्शनच्या नावाआधी अँपरसँड (&) लावलं तर ते फक्त असं नाव आहे का ते सांगतं, प्लस लावलं तर ते खरंच काम करतं का ते. एक बटन मोजतं, दुसरं मोटर.

आता मोटर बसवायची कशी? लोक लगेच सोर्स उतरवून कंपाइल करायला, म्हणजे बायनरी स्वतः बनवायला, धावतात. मी म्हणतो, थांबा. डेबियन-उबुंटूवर विमचे वेगवेगळे तयार बिल्ड पॅकेज म्हणून मिळतात. साध्या 'विम' पॅकेजात फीचर पुष्कळ, पण ग्राफिक्सशी नातं नाही, म्हणून क्लिपबोर्ड नाही. 'विम-जीटीके३' घातलं की टर्मिनलमधल्या विमलाही क्लिपबोर्ड मिळतो. खिडकीवालं जीव्हिम उघडलंच पाहिजे असं नाही. भाचीचं काम एका 'एपीटी इन्स्टॉल'मध्ये झालं. विमआरसीतली ती ओळ होती तशीच राहिली, आणि आता चालली.

कंपाइल करायची वेळ आली ती दुसऱ्या दिवशी, कारण कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर तिला सुडो (अ‍ॅडमिनचा हक्क) नाही. तिथे तिला पायथनवर चालणारं एक प्लगइन हवं होतं. बिल्डची तयारी करणाऱ्या 'कॉन्फिगर' स्क्रिप्टला सांगायचं: '--विथ-फीचर्स=ह्यूज', '--एनेबल-पायथन३इंटर्प=येस', आणि '--प्रीफिक्स' आपल्या होम फोल्डरमधला. पूर्वी टायनी, स्मॉल, नॉर्मल, बिग, ह्यूज असे फीचरांचे पाच थर होते, आता टायनी, नॉर्मल, ह्यूज एवढेच. पण इथेही विमची तीच खोड! पायथनच्या हेडर फाइली (कंपाइल करताना लागणाऱ्या) मशीनवर नसतील तर कॉन्फिगर निमूटपणे ते फीचर गाळतो आणि पुढे जातो. मेक यशस्वी, मेक इन्स्टॉल यशस्वी, आणि यादीत उणे. त्यावर उपाय आहे '--एनेबल-फेल-इफ-मिसिंग', म्हणजे मागितलेलं सापडलं नाही तर तिथेच थांब. तो मी न चुकता लावतो. हेडर नंतर मिळाल्या तर आधी 'मेक डिस्टक्लीन', नाहीतर कॉन्फिगर आपली जुनी उत्तरं कॅशमधून पुन्हा देत बसतो.

अधिकचं चिन्ह दिसलं म्हणजे सगळं जिंकलं, असंही नाही. मोटर आहे, पण लाइन गेली तर? एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर विम उघडला आणि तिथून एक्स सर्व्हरपर्यंत (स्क्रीन आणि क्लिपबोर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामपर्यंत) वाटच नसेल, तर क्लिपबोर्डचं फीचर असूनही मुकं राहतं. पायथनचं 'डायनॅमिक' बिल्डही तसंच. यादीत अधिक दिसतं, पण लायब्ररी चालू असताना शोधली जाते. ती सापडली नाही तर 'हॅझ' शून्य सांगतं, आणि त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवावा.

नॅनो या दुसऱ्या एडिटरमध्येही हाच भेद आहे: नॅनोआरसीत 'सेट', आणि बिल्डच्या वेळी '--एनेबल-टायनी' वगैरे. विममधूनच फुटलेल्या निओव्हिमने २०१४ पासून वेगळी वाट धरली. तिथे जवळपास सगळी फीचरं कायम आत असतात, आणि क्लिपबोर्डसाठी तो एक्सक्लिपसारखं बाहेरचं साधन हाकेला बोलावतो. ते साधनच नसेल तर तिथेही खट्.

लॅबमधून भाचीचा फोन आला. "मामाजी, बिल्ड झाला, पण मायनसच दाखवून राहिला." फोनवरूनच 'टाइप -ए विम' मारायला सांगितलं, म्हणजे कुठकुठले विम सापडतात ते दिसतं. नवा विम होम फोल्डरमध्ये नीट बसलेला होता, पण पाथमध्ये (शेल प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) यूएसआर-बिन त्याच्या आधी लागत होतं, म्हणून शेल जुन्यालाच उठवत होतं. बॅशआरसीत आपल्या बिन फोल्डरला पुढे आणलं, नवं टर्मिनल उघडलं. "आलं मामाजी, प्लस आलं," म्हणाली आणि फोन ठेवला.