मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा परवानाबदल

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ज्या अटींवर वापरायला, बदलायला आणि वाटायला दिलेले असते, त्या अटी मालकाने पुढच्या आवृत्तीपासून बदलणे म्हणजे परवानाबदल. यातले ‘पुढच्या आवृत्तीपासून’ हे शब्द कळीचे आहेत. बीएसडी, अपाची किंवा एमपीएल या प्रचलित मुक्तस्रोत परवान्यांपैकी एखाद्यावर एकदा बाहेर पडलेली आवृत्ती परत घेता येत नाही. ती ज्याच्या हाती आहे, त्याच्यासाठी जुन्याच अटी चालू राहतात. म्हणून परवाना बदलला त्या दिवशी कोणाचा सर्व्हर बंद पडत नाही. खरी पंचाईत होते पुढची सुरक्षा-त्रुटी सापडते तेव्हा. तिची दुरुस्ती नव्या परवान्याच्या कोडमध्ये होते, आणि मालकाने आपणहून जुन्या शाखेतही दिली नाही तर ती तिथून उचलून आपल्या प्रतीत घालायची मुभा नसते.

परवाना कोणाला बदलता येतो, हे कोडची मालकी कोणाकडे आहे त्यावर ठरते. जीपीएलसारख्या, म्हणजे बदललेला कोडही त्याच अटींवर द्यायला लावणाऱ्या परवान्यात, प्रत्येक लेखकाची संमती लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचा गाभ्याचा कोड जीपीएलवरून त्याच्याच सौम्य रूपावर, एलजीपीएलवर, नेताना शेकडो जणांना गाठावे लागले. कंपनीने योगदान करारावर, म्हणजे लेखकाच्या कोडचे हक्क कंपनीला देणाऱ्या करारावर, आधीच सह्या घेऊन ठेवल्या असतील तर मात्र काम सोपे. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने १६ ऑक्टोबर २०१८ रोजी एजीपीएल (जीपीएलची अट इंटरनेटवरून दिलेल्या सेवेलाही लावणारा परवाना) सोडून स्वतःचा एसएसपीएल आणला. त्यात, हे सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकणाऱ्याने ती सेवा चालवणारा बाकीचा कोडही खुला करावा, अशी अट आहे. रोख अर्थातच क्लाउड कंपन्यांवर होता. एसएसपीएल हा मुक्तस्रोत परवाना नव्हे, अशी मुक्तस्रोत परवान्यांना मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेची भूमिका आहे.

रेडिस या डेटाबेसचे प्रकरण देखभालीच्या दृष्टीने सर्वांत बोलके. २० मार्च २०२४ रोजी कंपनीने जाहीर केले की ७.४ पासून बीएसडी परवाना नाही. आठच दिवसांत, २८ मार्चला, लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली ७.२.४ वरून ‘व्हॅल्की’ हा फोर्क, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा चालवलेला प्रकल्प, निघाला. त्यात रेडिसच्या गाभ्यावर काम केलेली माणसे होती. ती नसती तर नुसत्या कोडच्या प्रतीला फारसा अर्थ उरला नसता. फेडोरा या लिनक्स प्रणालीने आपल्या ४१व्या आवृत्तीत रेडिसच्या जागी व्हॅल्की घेतले. जुने क्लायंट (सर्व्हरशी बोलणारे प्रोग्राम) बिघडू नयेत म्हणून व्हॅल्कीच्या सर्व्हरला ‘इन्फो’ ही आज्ञा दिली की तो आजही रेडिस आवृत्तीच्या रकान्यात ७.२.४ असे सांगतो आणि खरा आकडा वेगळ्या ओळीत देतो. देखरेखीची स्क्रिप्ट पहिलीच ओळ वाचत असेल तर तिला आवृत्ती वर्षानुवर्षे हललेली दिसणार नाही. डेटाच्या बाबतीत मात्र वाटा फुटल्या. रेडिस ७.४ ने लिहिलेली आरडीबी फाइल, म्हणजे डिस्कवर साठवलेली डेटाची प्रत, व्हॅल्कीला वाचता येत नाही, ७.४ वर गेलेल्याला फाइल उचलून इकडे यायची सोय उरली नाही.

वाटा फुटल्या तरी वारसा सामाईक राहतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेडिसच्या लुआ या भाषेतल्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या भागात सुमारे १३ वर्षे जुनी, तीव्रतेत दहापैकी दहा गुणांची त्रुटी उघड झाली. ती फोर्कच्या कितीतरी आधीची, म्हणून दोन्ही घरांत होती, आणि दोघांनाही आपापल्या चालू शाखांसाठी नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या.

कोड कुठून आला हे दाखवता येणे, हा फोर्क सांभाळणाऱ्यांच्या कामाचाच भाग होऊन बसतो. हॅशिकॉर्प कंपनीने १० ऑगस्ट २०२३ रोजी टेराफॉर्म हे सर्व्हर-यंत्रणा उभारण्याचे साधन एमपीएलवरून बीयूएसएलवर नेले. या परवान्यात स्पर्धक सेवेसाठी वापरायला बंदी असते आणि प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनी एमपीएलखाली येते. सुरक्षेच्या पॅचसाठी चार वर्षे थांबायला कोणाला परवडणार? त्यातून ‘ओपनटोफू’ हा फोर्क निघाला. एप्रिल २०२४ मध्ये हॅशिकॉर्पच्या वकिलांनी ओपनटोफूवर ‘रिमूव्हड’ या सुविधेचा कोड नव्या परवान्याच्या टेराफॉर्ममधून उचलल्याचा आरोप केला. हा कोड आधीच्या एमपीएल काळातल्या ‘मूव्हड’ सुविधेवरून बेतलेला आहे, असे ओपनटोफूने ओळींची तुलना मांडून उत्तर दिले. एकाच पूर्वजावरून दोघांनी तीच सुविधा लिहिली तर कोड सारखा दिसणारच, त्यामुळे हा वाद नवलाचा नव्हता. पण तेव्हापासून असा फोर्क सांभाळणारा माणूस मूळ प्रकल्पातली दुरुस्ती नुसती उघडून पाहतानाही दोनदा विचार करतो.

काहींनी पुन्हा वाट बदलली. इलॅस्टिक या शोध-सॉफ्टवेअरच्या कंपनीने २०२१ मध्ये अपाची परवाना सोडला होता, २०२४ मध्ये एजीपीएलचा पर्याय दिला. रेडिसनेही मे २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीपासून तेच केले. तरी फोर्क मूळ घरी परतले नाहीत. रेडिसला व्हॅल्कीचा बीएसडी कोड श्रेय देऊन घेता येतो. व्हॅल्कीने रेडिसचा एजीपीएल कोड घेतला तर त्याला स्वतःचा बीएसडी परवाना टिकवता येणार नाही. त्यामुळे रेडिसमध्ये आलेली सुधारणा व्हॅल्कीत हवी असेल तर ती तिथे नव्याने लिहावी लागते.