अर्ध्या दिवसाचं बिल: पुण्यात हा हिशेब आला कुठून?

कोथरूडमध्ये राहणाऱ्या जपानी भाषेच्या एखाद्या फ्रीलान्स दुभाषी बाईंना चाकणच्या कारखान्यात सकाळी दहाची मीटिंग असते. साडेसातला घर सोडायचं, नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत पोचायचं. गेटवर पास बनवायचा, लॅपटॉपचा नंबर वहीत लिहायचा, सेफ्टी शूज चढवायचे आणि साहेब मोकळे होईपर्यंत बसून राहायचं. मीटिंग साडेदहाला सुरू होते, साडेबाराला संपते. घरी परतेपर्यंत तीन वाजतात. बाई पूर्ण दिवसाचं बिल पाठवतात आणि खरेदी विभागातून फोन येतो, "मॅडम, काम तर दोनच तासांचं झालं ना? अर्धा दिवस लावा की."

फोन करणारा माणूस लबाडी करत नसतो. तो मस्टरच्या, म्हणजे कारखान्याच्या हजेरीपटाच्या, हिशेबाने बोलत असतो, आणि या पट्ट्यात तो हिशेब फार खोल रुजलेला आहे. 1948 च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी दिवसाला जास्तीत जास्त 9 तास आणि आठवड्याला 48 तास ठरवून दिले. त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरीत कारखान्यांची रांग लागली. तास मोजायचे ते गेटच्या आत. उशीर झाला तर अर्धा दिवस कापला, आलाच नाहीत तर खाडा. घरापासून गेटपर्यंतची वेळ कामगाराची स्वतःची.

कायम कामगाराला हे निभावण्याजोगं होतं. रोजचा रस्ता एकच, पुष्कळ ठिकाणी कंपनीची बस, वर पगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड. फ्रीलान्सरकडे यातलं काहीच नाही. आज चाकण, परवा रांजणगाव, मध्ये एक दिवस रिकामा. तरीही त्याच्या बिलाला माप लागतं ते मस्टरचंच. माझ्या मते आजच्या सगळ्या घासाघिशीचं मूळ इथे आहे.

गंमत नाही, खरंच लक्षात घेण्यासारखं आहे की आपल्याकडच्याच दुसऱ्या वह्यांत प्रवासाचा हिशेब कधीचा होत आला आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत साक्षीदाराला समन्स काढायचं तर त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि एका दिवसाच्या हजेरीचे पैसे आधी कोर्टात भरावे लागतात. साक्ष दहा मिनिटांत आटोपली म्हणून दिवसाचे तुकडे पाडत नाहीत. तज्ज्ञ म्हणून कुणाला बोलावलं असेल, तर साक्षीला आणि त्यासाठी कराव्या लागलेल्या कामाला गेलेल्या वेळेचा वाजवी मोबदला कोर्ट वेगळा देऊ शकतं.

सरकारी दौऱ्याचा भत्ता तर आणखी बोलका आहे. सातव्या वेतन आयोगानंतरच्या केंद्राच्या नियमांत मुख्यालयाबाहेर 6 तासांपर्यंत असाल तर दैनिक भत्त्याचे 30 टक्के, 6 ते 12 तासांना 70 टक्के आणि 12 तासांच्या वर पूर्ण. म्हणजे काम किती तास चाललं हे कुणी विचारत नाही. माणूस किती तास जागेवर नव्हता एवढंच मोजतात. हा भत्ता जेवणाखाण्यासाठी असतो, पगार वेगळा चालू असतो, हे खरं. पण अपुऱ्या दिवसाचे टप्पे पाडायची ही पद्धत मला सर्वांत समंजस वाटते.

आणि 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. त्याच्या कलम 15 मध्ये ठेकेदाराने कामगाराला गावाहून कामाच्या जागेपर्यंतचं जाण्याचं आणि परतीचं भाडं द्यावं असं होतंच. शिवाय त्या प्रवासाच्या काळातली मजुरीही द्यावी, जणू तो कामावरच आहे, असंही होतं. प्रत्यक्षात किती साइटवर हे पाळलं गेलं हा दुखरा विषय आहे. पण विटा उचलायला येणाऱ्या माणसाचा प्रवास म्हणजे कामच, हे कायद्याने एकदा लिहून दिलं होतं. 2020 च्या श्रमसंहितेत येण्याजाण्याचं भाडं राहिलं, प्रवासातल्या मजुरीची तरतूद गळाली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाहेरच्या देशांत हाच वाद कोर्टांत गेला. अमेरिकेत 1946 च्या एका निकालाने कारखान्याच्या आवारात चालत जाण्याची वेळही कामात धरली. मालकवर्ग हादरला आणि 1947 मध्ये संसदेने कायदा करून ते दार बरंचसं बंद केलं. युरोपातलं 2015 चं प्रकरण आपल्याला जास्त जवळचं आहे. स्पेनमध्ये सुरक्षा यंत्रणा बसवणाऱ्या एका कंपनीने 2011 मध्ये प्रांतोप्रांतीची ऑफिसं बंद केली. तंत्रज्ञ घरूनच थेट पहिल्या ग्राहकाकडे निघू लागले आणि आधी ऑफिसपासून सुरू होणारा त्यांचा दिवस कंपनीने ग्राहकाच्या दारापासून मोजायला घेतला. युरोपीय न्यायालयाने सांगितलं, ज्यांना कामाची ठरलेली जागाच नाही त्यांचा हा प्रवास कामाच्या वेळेतच येतो. निकाल नोकरदारांसाठी होता आणि त्या वेळेचा पगार किती हे त्यात ठरलं नव्हतं. तरी आमच्यासारख्यांची अडचण त्यात नेमकी पकडली आहे.

पुण्यात फ्रीलान्स बिलाचं एकक म्हणून मॅनडे, म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम, रुळला तो ऑडिटर, सॉफ्टवेअरवाले आणि अभियांत्रिकी सल्लागार यांच्यामुळे. आयएसओ प्रमाणपत्रांच्या ऑडिटमध्ये दिवस साधारण 8 तासांचा धरतात आणि जाण्यायेण्याची वेळ त्यात मोजत नाहीत. तिथे ते बरोबरच आहे, कारण ऑडिट पुरेसं झालं की नाही हे ठरवायचं असतं. पण तेच माप मोबदल्यालाही लागलं. दुभाष्यांनी मात्र वेगळी वाट काढली: 4 तासांपर्यंत अर्धा दिवस, त्यापुढे पूर्ण, आणि अर्ध्या दिवसाचा दर निम्म्याहून जास्त. उरलेला अर्धा दिवस दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, हे त्यांना चाकणच्या रस्त्यानेच शिकवलं.

करानेही बिलाचा आकार घडवला. प्राप्तिकर खात्याच्या 1995 च्या एका परिपत्रकाने स्पष्ट केलं की टीडीएस कापताना बिलातला खर्चाचा परतावा वगळता येणार नाही. 2017 पासून जीएसटीतही सेवेबरोबर लावलेला प्रवासखर्च सहसा सेवेच्याच किमतीत धरला जातो. मग टॅक्सीच्या पावत्या जोडत बसण्यापेक्षा एकच दर सांगणं अनेकांना सोयीचं झालं. त्याचा तोटा असा की दरातला प्रवास ग्राहकाला दिसेनासा झाला. 2020 मध्ये सगळं ऑनलाइन झालं आणि दोन तासांची मीटिंग म्हणजे खरोखरच दोन तास, अशी सवय दोन्हीकडे लागली. कारखाने पूर्ववत सुरू झाल्यावर ही सवय तशीच राहिली.

म्हणून आता कोटेशनमध्ये तळटीप येऊ लागली आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत किमान आकारणी अर्ध्या दिवसाची. चाकण, तळेगाव, रांजणगावला किमान पूर्ण दिवस. गेटवर थांबलेली वेळ कामात धरली जाईल. मुक्कामाच्या कामाला प्रवासाचा दिवस निम्म्या दराने. आदल्या दिवशी काम रद्द झालं तर अर्ध्या दिवसाची आकारणी. ही टीप काम घेण्याआधी खरेदी विभागाच्या ईमेलवर मंजूर करून घेतलेली असली, की तीन वाजता घरी पोचलेल्या बाईंच्या पूर्ण दिवसाच्या बिलावर फोन सहसा येत नाही.