अकरा हजार किलोमीटरमध्ये दमलेला प्लग

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला तेव्हा तो खंबाटकी घाटात गाडी बाजूला लावून उभा होता. "मामा, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली की झटके देते. हळू चालवली की एकदम ओके." गाडीला काय केलंस, असं विचारल्यावर पलीकडे जरा शांतता पसरली. मग कळलं, चार महिन्यांपूर्वी साहेबांनी रिमॅप करून घेतलंय. म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आकडेमोड बदलून टर्बोचा दाब वाढवून घेतलाय. मिसिंग मारतेय, म्हणजे मधूनच मिश्रण पेटायचं राहतंय, स्पार्क प्लग बघ, असं मी म्हटलं. त्यावर लगेच उत्तर आलं, "प्लग कसे जातील? अकरा हजारच झालेत. मॅन्युअलमध्ये साठ हजार लिहिलंय!"

हा गैरसमज फार पसरलेला आहे. प्लगचं आयुष्य म्हणजे दुधाच्या पिशवीवर छापलेली तारीख, ती प्लगसोबतच येते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात साठ हजार हा आकडा त्या प्लगचा नसतो. तो प्लग, त्याला उच्च दाबाची वीज पुरवणारी कॉइल आणि इंजिनातला दाब या तिघांच्या कराराचा असतो. रिमॅपवाल्याने त्यातलं एक कलम बदललं आणि बाकीच्या दोघांना कळवलंच नाही.

प्लग करतो काय? मधला दांडा आणि बाजूने वळून आलेली पट्टी यांच्यात मिलिमीटरभराची फट असते. कॉइल हजारो व्होल्टचा दाब देते, फटीतून ठिणगी पडते आणि मिश्रण पेटतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी. २००० आरपीएमवर ताशी ६० किलोमीटरने निघालात तर मिनिटाला हजार ठिणग्या, म्हणजेच किलोमीटरला हजार. ४० हजार किलोमीटरला चार कोटी. प्रत्येक ठिणगी धातूचा अगदी सूक्ष्म कण उडवून नेते आणि फट रुंदावत जाते. यात बिघाड काहीच नाही, हे ठरलेलंच असतं. फट रुंदावली की ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. एका बाजूला फटीची मागणी, दुसऱ्या बाजूला कॉइलची ऐपत. मागणी ऐपतीच्या वर गेली, त्या दिवशी प्लग 'गेला'. मग तो दिसायला कितीही नवा असो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. फटीची मागणी नेमकी ठरते कशावरून?

१८८९ साली फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या वायूंमध्ये, वेगवेगळ्या दाबांखाली आणि अंतरांवर ठिणग्या पाडून मोजमापं केली. त्यांच्या लक्षात आलं की लागणारा व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. अंतर निम्मं केलं आणि दाब दुप्पट केला, तर व्होल्टेज तेवढाच. नियम एवढाच आहे, पण तो असा का, ते बघण्यात गंमत आहे.

हवा विद्युतरोधक असते. तिच्यातून वीज जायची तर मोकळे इलेक्ट्रॉन हवेत. एखादा चुकार इलेक्ट्रॉन फटीत असतोच. विद्युतक्षेत्र त्याला ओढतं, तो वेग घेतो आणि वाटेतल्या रेणूवर आपटतो. धडक पुरेशी जोरदार असेल तर त्या रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन उपटला जातो. आता दोन. दोनाचे चार, चाराचे आठ. साधारण सत्तावीस वेळा दुप्पट झाले की संख्या दहा कोटींच्या पुढे जाते. तेवढ्या गर्दीचं स्वतःचंच विद्युतक्षेत्र इतकं तीव्र होतं की फटीतून ठिणगीची वाट उघडते.

पण धडक जोरदार व्हायची तर धाव हवी. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उपटायला सुमारे १२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, नायट्रोजनच्या रेणूतून साडेपंधरा. साध्या हवेत दोन धडकांमध्ये इलेक्ट्रॉनला जेमतेम अर्ध्या मायक्रॉनची मोकळी धाव मिळते. मिलिमीटरला तीन हजार व्होल्टचं क्षेत्र धरलं तर त्या धावेत कमाई होते दीड व्होल्टच्या आसपास. बारा लागतात, मिळतात दीड! म्हणजे सरासरी इलेक्ट्रॉनकडून हे काम होतच नाही. काही धडकांत ऊर्जा न गमावता निसटलेले किंवा लांब धाव मिळालेले थोडे भाग्यवान इलेक्ट्रॉनच ते करतात. आता हवा दाबून दाट करा. रेणू जवळ आले, धाव आणखी आखूड झाली, भाग्यवानांची संख्या झपाट्याने घटली. लांब उडीपूर्वीची धाव विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर घेऊन बघा, म्हणजे इलेक्ट्रॉनची अडचण कळेल. उपाय एकच, प्रत्येक पावलाला जास्त जोर लावायचा. म्हणजे जास्त व्होल्ट.

(बारकावा सांगायचा तर खरा मुद्दा दाबाचा नसून घनतेचा आहे. पिस्टन वर येताना दाब वीसेक पटींनी वाढतो, पण त्यातला बराचसा वाटा तापण्याचा असतो. रेणूंची दाटी ठिणगीच्या क्षणी साडेसहा-सात पटींचीच असते. ज्यांना हा कंस जड वाटला त्यांनी तो सोडून पुढे यावं, काही बिघडत नाही.)

टर्बो काय करतो? सिलिंडरमध्ये जाणारी हवा आधीच दाबून पाठवतो. म्हणजे वरची सगळी दाटी आणखी दीडपट, दुप्पट, अडीचपट. भाच्याची गाडी हळू चालवल्यावर 'एकदम ओके' का, तेही यातच आलं. ॲक्सिलरेटर हलका असताना सिलिंडरमध्ये शिरणारी हवा बाहेरच्यापेक्षाही विरळ असते. मागणी कमी, ऐपत भरपूर. झटके येतात ते पूर्ण दाबल्यावरच.

याचं नामांकित उदाहरण जपानमधलं आहे. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर १९८९ मध्ये नव्या रूपात आली. तिच्या आरबी-२६ इंजिनात सहा सिलिंडर एका ओळीत, २५६८ सीसी, दोन टर्बो. कागदावर ताकद २८० अश्वशक्ती, कारण त्याहून जास्त जाहीर करायची नाही असा जपानी कंपन्यांचा आपसातला समझोता होता. इंजिनाची खरी कुवत शर्यतीत दिसली. १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या २९ पैकी २९ शर्यती जीटी-आरने जिंकल्या. साहजिकच हौशी लोक या इंजिनावर तुटून पडले आणि आजही पडतात. कारखान्यातून टर्बोचा दाब सुमारे ०.७ बार येतो आणि प्लगची फट १.१ मिलिमीटर. दाब वाढवणारे जुने कारागीर प्लग बदलताना फट ०.८ करून घेतात. हा आकडा त्यांच्या हाताला अनुभवातून सापडला. पण पाशेनसाहेबांना विचारून बघू.

कारखान्यातली गाडी: वातावरणाचा १ बार अधिक टर्बोचा ०.७, म्हणजे १.७. गुणिले फट १.१. उत्तर १.८७.

दाब १.४ बारपर्यंत वाढवलेली गाडी: एकूण २.४. गुणिले फट ०.८. उत्तर १.९२.

जवळपास तेच! (टर्बोतून तापून आलेली हवा गार करणारा इंटरकूलर ती तितकीच थंड ठेवतो असं धरलंय.) फट १.१ च ठेवली असती तर गुणाकार २.६४ झाला असता, म्हणजे चाळीस टक्क्यांनी जास्त मागणी. तीस वर्षांच्या कॉइलकडून तेवढं मिळणं कठीण.

आता आयुष्याचा हिशेब. समजा, गुणाकार २.२ झाला की कॉइल हात टेकते. मूळ गाडीत ही वेळ फट १.३ झाल्यावर येईल, म्हणजे ०.२ मिलिमीटर झिजायला वाव आहे. दाब वाढवलेल्या गाडीत ती ०.९२ ला येते. वाव उरला ०.१२. झिजण्याचा वेग तोच राहिला असं मानलं तरी प्लगचं आयुष्य साठ टक्क्यांवर आलं. आणि वेग तोच राहत नाही.

ठिणगी पडण्याआधी प्लग आणि कॉइलच्या टोकाकडच्या भागात थोडा विद्युतभार साठतो. त्याची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मागणी १.४ पट झाली की ही ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ती अब्जांश सेकंदांत, शेकडो अँपिअरच्या झटक्याने फटीत ओतली जाते आणि धातूवर सूक्ष्म ठिपका वितळून उडतो. म्हणजे दाब वाढवून फट तशीच ठेवली, तर जितकी मागणी जास्त तितकी झीज जास्त, आणि झीज झाली की मागणी पुन्हा वर. सावकाराच्या व्याजासारखं. म्हणूनच निकेलपेक्षा प्लॅटिनम टिकतं आणि त्याहून इरिडियम. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम थेट २४४६ ला. मात्र काही 'परफॉर्मन्स' इरिडियम प्लगांत फक्त मधला दांडा इरिडियमचा आणि बाजूची पट्टी साधी निकेलची असते. पट्टी झिजली की फट वाढतेच, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

उष्णतेबद्दल थोडक्यात सांगतो. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली काजळी जळून जात नाही आणि वीज तिच्यातून गळते. त्यावर टोकच निखाऱ्यासारखं तापून ठिणगीआधी मिश्रण पेटवतं, आणि मग पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. ताकद वाढली की उष्णता वाढते, म्हणून एक पायरी 'थंड' प्लग लावतात. त्याच्या टोकाभोवतीचं चिनीमातीसारखं आवरण आखूड असतं, त्यामुळे उष्णता लवकर धातूच्या कवचात, आट्यांमधून हेडमध्ये आणि पुढे कूलंटमध्ये जाते. थंड प्लगची ठिणगी थंड नसते, हे एकदा भिंतीवर लिहून ठेवायला हवं. प्लग बनवणाऱ्या एनजीके कंपनीचा ढोबळ सल्ला दर ७५ ते १०० वाढीव अश्वशक्तीला एक पायरी असा आहे. एनजीकेचा आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशचा मोठा तितका गरम. या उलट्यापालट्याने कित्येकांनी चुकीचे प्लग लावलेत. अति थंड प्लगचंही भलं होत नाही. रोज सिग्नलला रांगणाऱ्या गाडीत तो काजळीने माखतो आणि झिजण्याआधीच निकामी होतो.

भाच्याच्या मित्रमंडळींनी तोवर निदान करून टाकलं होतं. एक म्हणे, चार पट्ट्यांचे प्लग टाक, एकदम चार ठिणग्या पडतात. पडत नाहीत. ठिणगी एका वेळी एकाच, सगळ्यात सोप्या वाटेने जाते. दुसरा म्हणे, पेट्रोलमध्ये ऑक्टेन बूस्टरची बाटली ओत. त्या आधीच दोन ओतून झाल्या होत्या. अशा काही बाटल्यांत लोहाची किंवा मँगनीजची संयुगं असतात. ती जळून प्लगच्या पांढऱ्या आवरणावर विटकरी थर बसतो आणि तापल्यावर तो थरच वीज वाहून नेतो. आईने, म्हणजे माझ्या ताईने, पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली होती. दोन्ही उपायांत मला लिंबू-मिरची बरी वाटली, तिने निदान प्लग खराब होत नाहीत.

रविवारी आम्ही प्लग काढले. चारही दिसायला ठणठणीत, टोकं फिकट तपकिरी, त्यावर बाटलीची विटकरी झाक. एकाच्या पांढऱ्या आवरणावर, बाहेरच्या बाजूने, षटकोनाच्या वर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती. आतली वाट अवघड झाली तेव्हा विजेने बाहेरून शोधलेली ही वाट. कॉइलच्या रबरी टोपीतही तिची जोडरेघ होती. फट मोजायचा फिलर गेज घातला तर फट ०.९. कंपनीची मूळ ०.८. म्हणजे झीज फक्त दशांश मिलिमीटरची, पण त्याच्या गाडीचा दाब ०.९ वरून १.४ बारवर गेलेला. मूळ गुणाकार १.५२, आताचा २.१६.

पॉलिश पेपर मारू का, असं तो विचारत होता. इरिडियमच्या केसासारख्या दांड्यावर पॉलिश पेपर मारायचा नसतो. नवे प्लग आणले, एक पायरी थंड, फट ०.६५ केली, रबरी टोपी बदलली आणि टॉर्क रेंचने आवळले. हेही महत्त्वाचं, कारण प्लग सैल राहिला तर उष्णता बाहेर जायची वाटच तुटते. खंबाटकीला पुन्हा जाऊन आलो. झटके गेले.

काल त्याचा मेसेज आला. डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप) बदलतोय, दाब १.७ बार होणार. खाली लिहिलं होतं, "मामा, २.७ गुणिले ०.५५, जमेल ना?"

१.४८५ येतं. गुणाकार जमतो, असं मी कळवलं. पण एवढ्या बारीक फटीत ठिणगीचं पिल्लूही बारीक जन्मतं, आणि दोन्ही बाजूंचा धातू त्याची ऊब शोषून घेतो. थंडीत सकाळी गाडी सिग्नलला थरथरली तर घाबरून फोन करू नकोस.